हिरवं कार्ड आणि पिवळे दात

यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकांचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "शाळेतल्या बऱ्याच मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसतात. आवारातल्या हातपंपाचं पाणी तपासून घेतलं, तर अहवालावर 'पिण्यास योग्य' असा शिक्का आला. ग्रामपंचायतीला हिरवं कार्डही आहे. मग हे दात कशाने? कुणी कोळशाच्या खाणींना दोष देतं, कुणी रासायनिक खतांना. आरओ बसवावा, असा गावात सूर आहे. काय करावं?"

गुरुजी, तुमचा अहवाल खोटा नाही. प्रत पाठवलीत ते बरं केलंत, कारण उत्तर त्या कागदावरच आहे. त्यात एकच तपासणी झालीय, जैविक. म्हणजे बाटलीत आतड्यातले जंतू सापडतात का, एवढंच बघितलं. सापडले नाहीत, म्हणून शिक्का मारला. फ्लोराइड हा शब्द त्या कागदावर कुठेच नाही. हिरव्या कार्डाचंही तसंच. हातपंपाचा ओटा फुटलाय का, भोवती सांडपाणी साचतं का, जवळ उकिरडा आहे का, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर वेळेवर वापरतात का, हे बघून लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतात. पावसाळ्यातली हगवण-कावीळ टाळायला ती पद्धत चांगली आहे. खडकातून विरघळून येणाऱ्या फ्लोराइडसारख्या विषाबद्दल मात्र ते कार्ड काही सांगत नाही, आणि ते त्याचं कामही नाही.

दातांच्या पट्ट्यांवरून मला संशय फ्लोराइडचा आहे. पांढरकवडा परिसरातल्या भूजलात ते जास्त असल्याचं २००७ सालीच शास्त्रीय नियतकालिकात छापून आलंय. किनवट, चंद्रपूर या बाजूंनाही ही तक्रार जुनी आहे. तरीही संशय म्हणजे निदान नव्हे. निदानाकडे कसं जायचं, ते सविस्तर सांगतो. तीसेक वर्षं मी पाण्याच्या बाटल्याच तपासत आलो आणि त्यात माझ्याही चुका झाल्या.

जे तपासलंच नाही ते सापडत नाही, याचं सगळ्यात मोठं उदाहरण बंगालचं आहे. १९७०च्या दशकापासून बांगलादेशात लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या. युनिसेफचा त्यात मोठा हातभार होता आणि हेतू चांगलाच होता. तळ्याडबक्यांचं पाणी पिऊन पोरं कॉलऱ्याने आणि जुलाबाने दगावत होती. खालचं पाणी स्वच्छ, गार आणि निर्जंतुक होतं. इकडे १९८३ साली कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांच्याकडे पश्चिम बंगालमधल्या खेड्यांतले रुग्ण येऊ लागले. तळहात-तळपायांवर घट्टे आणि अंगावर पावसाचे थेंब पडल्यासारखे डाग. कारण निघालं कूपनलिकेतलं आर्सेनिक. सीमेपलीकडे मात्र ते १९९३ साली पहिल्यांदा आढळलं. त्याच्या आदल्याच वर्षी ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचा तिथल्या भूजलाचा अहवाल आला होता. त्यात बरेच घटक मोजले होते, आर्सेनिक मोजलं नव्हतं. प्रकरण पुढे लंडनच्या कोर्टात गेलं आणि २००६ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, संस्थेला जबाबदार धरता येणार नाही असा निकाल दिला. कायद्याने ते बरोबर असेल. माझ्यासारख्या प्रयोगशाळेतल्या माणसाला तो निकाल वाचून चैन पडली नाही. आपण न मोजलेला रकाना वाचणाऱ्याला शून्य वाटतो, हे आपल्याला ठाऊक असतं.

आपल्याकडची गोष्ट याच वळणाची आहे. १९७२च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात बोअरची यंत्रं गावोगाव फिरली. जालना पंप आणि सोलापूर पंप तर इथलेच, आणि पुढे देशभर गेलेल्या इंडिया मार्क २ हातपंपाचं मूळ सोलापूर पंपात आहे. आड आणि विहिरी मागे पडल्या. नारू, हगवण, कॉलरा यांच्यापासून सुटका झाली, ती थोडी नव्हे. पण त्याबरोबर आपण उथळ, दरवर्षी पावसाने ताज्या होणाऱ्या पाण्यावरून खोल, जुन्या पाण्यावर गेलो. ते पाणी खडकाच्या फटींत वर्षानुवर्षं, कधी शतकानुशतकं मुरलेलं असतं. खडकाशी जितका जास्त सहवास, तितका खडक पाण्यात जास्त उतरतो.

आता खाण की खत, हा वाद. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा. तुमच्या पूर्वेकडच्या पट्ट्यात बेसाल्ट संपत येतो आणि खालचे जुने खडक वर येतात: ग्रॅनाइट, नाइस, चुनखडक, वालुकाश्म. काळा अभ्रक, हॉर्नब्लेंड, अपेटाइट, फ्लोराइट या खनिजांमध्ये फ्लोराइड बांधलेलं असतं. पाणी अल्कधर्मी झालं की त्यातला हायड्रॉक्सिल खनिजातल्या फ्लोराइडची जागा घेतो आणि फ्लोराइड सुटं होतं. ते पाण्यात टिकणार की नाही, हे ठरवतं कॅल्शियम. कॅल्शियम भरपूर असेल तर दोघं मिळून पुन्हा फ्लोराइट होऊन खाली बसतात. खोल पाण्यात मात्र कॅल्शियम चिकणमातीला चिकटून किंवा चुना होऊन निघून जातं, त्याच्या जागी सोडियम येतं, आणि फ्लोराइडला अडवणारं कुणी उरत नाही.

याचा अनुभव मला प्रयोगशाळेत नाही, एका ओसरीवर आला. सुरुवातीच्या वर्षांत एका गावात कुठल्या बोअरचे नमुने घ्यावेत म्हणून विचारत होतो. एक आजी म्हणाल्या, "शाळेजवळच्या बोरिंगचं पाणी लय गोड हाये भाऊ, दाळ दोन शिट्टीत शिजते. हिरीच्या पाण्यानं दाळ शिजतच नाही." मी वहीत 'पाण्याबद्दल तक्रार नाही' असं लिहिलं आणि पुढे गेलो. नमुने तपासले तेव्हा डाळ शिजवणाऱ्या त्याच बोअरमध्ये फ्लोराइड सगळ्यात जास्त होतं, आणि लोकांनी टाकून दिलेल्या जड पाण्याच्या विहिरीत अर्ध्या मिलिग्रॅमच्या आत. कॅल्शियम कमी म्हणून पाणी मऊ, मऊ म्हणून डाळ शिजते, साबणाला फेस येतो, जिभेला गोड लागतं. आणि कॅल्शियम कमी म्हणूनच फ्लोराइड मोकाट. तेव्हापासून नव्या गावात गेलो की आधी बायकांना विचारतो, डाळ कुठल्या पाण्यात लवकर शिजते. या प्रश्नाने मला अनेकदा सरळ त्या बोअरपाशी नेलंय. नेहमी नाही, पण अनेकदा.

तेव्हा तुमच्या पाण्याची पूर्ण रासायनिक तपासणी आली की नुसता फ्लोराइडचा आकडा बघू नका. शेजारचे रकानेही वाचा. सोडियम आणि बायकार्बोनेट चढलेले, कॅल्शियम उतरलेलं, सामू (पीएच) ८च्या आसपास किंवा वर, असं चित्र असेल तर दोष खडकाचा आहे. खाणीचं पाणी मिसळत असतं तर सल्फेट वर गेलेलं दिसलं असतं. नायट्रेट जास्त असेल तर वरून काहीतरी झिरपतंय: संडासाचे शोषखड्डे, शेणखताचे ढीग, युरिया. फॉस्फेट खतांतून थोडं फ्लोराइड येतं हे खरं, पण तुम्ही सांगताय तसे पट्टे दातांवर पाडण्याइतकं त्यातून आल्याचं मी पाहिलेलं नाही. खाणींचे पाण्यावर होणारे इतर अन्याय वेगळे आहेत. त्यांच्यासाठी भांडायचं तर वेगळ्या पुराव्यानिशी भांडा. कारण चुकलं की उपायही चुकतो. बंगालमध्ये सुरुवातीला असं मानलं गेलं, की शेतीच्या उपशाने पाण्याची पातळी खाली गेली, हवा आत शिरली, खडकातलं पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) गंजलं आणि आर्सेनिक सुटलं. १९९८च्या सुमारास पुढे आलेल्या अभ्यासांनी नेमकं उलट दाखवलं. खाली प्राणवायू नाही, गाळातला सेंद्रिय कचरा कुजतो, त्यात लोहाचे ऑक्साइड विरघळतात आणि त्यांना चिकटलेलं आर्सेनिक पाण्यात येतं. पहिल्या समजुतीवर योजना आखल्या असत्या तर पैसा वाया गेला असता.

आकड्यांकडे येऊ. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक १०५०० सांगतं, फ्लोराइड लीटरला १ मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालेल. कागदावर हे 'नसेल तर' बहुधा गळून पडतं आणि १.४ आलं तरी 'योग्य' असा शिक्का बसतो. जागतिक आरोग्य संघटनेचाही आकडा १.५ आहे, पण ढोबळ हिशोबात माणूस दिवसाला दोनेक लीटर पाणी पितो असं धरतात. मे महिन्यात तुमच्याकडचा शेतमजूर पाच लीटर सहज पितो. दीड मिलिग्रॅमचं पाणी दोन लीटर प्यायलं तर ३ मिलिग्रॅम पोटात जातं, पाच लीटर प्यायलं तर साडेसात. त्यात त्या पाण्याचा भात, त्या पाण्याची डाळ आणि दिवसभराचा काळा चहा. चहाच्या पत्तीतही फ्लोराइड असतंच. पाणी उकळल्याने ते जात नाही. वाफ जाते आणि फ्लोराइड उलट आणखी दाट होतं. हे गावात आधी सांगा, कारण मुलांचे दात बघून आया पाणी उकळायला लागतात.

दातांचा प्रश्न विज्ञानाला कसा सुटला, ते तुम्हाला शिक्षक म्हणून आवडेल. १९०१ साली फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्य अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावी दवाखाना टाकायला गेला, तर तिथे जन्मलेल्या पोरांचे दात तपकिरी. पुढची तीस वर्षं तो त्याच एका प्रश्नामागे होता. आयडाहो राज्यातल्या ओकली गावात लोकांनी त्याला सांगितलं, लांबच्या कोमट पाण्याच्या झऱ्यावरून नळ आणल्यापासून हे डाग दिसायला लागले. पाण्यात नेमकं काय आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. तरी त्याने सल्ला दिला, तो नळ बंद करा आणि दुसऱ्या झऱ्याचं पाणी घ्या. गावाने ऐकलं. काही वर्षांत लहान मुलांचे नवे दात स्वच्छ यायला लागले, मोठ्यांचे डाग तसेच राहिले. दोषी घटक सापडला १९३१ साली, आर्कान्सामधल्या बॉक्साइट नावाच्या गावच्या पाण्यात, अल्युमिनियम कंपनीचे रसायनतज्ज्ञ चर्चिल यांना. आपल्याकडे नेल्लोर भागातल्या फ्लोरोसिसची, म्हणजे फ्लोराइडमुळे होणाऱ्या दात-हाडांच्या आजाराची, शास्त्रीय नोंद १९३७ची आहे.

यातलं तुमच्या उपयोगाचं असं. दाताचं इनॅमल एकदाच घडतं, आणि त्या वर्षांतलं पाणी त्यात कायमचं नोंदलं जातं. समोरचे कायमचे दात सहा ते आठ वर्षांच्या सुमारास उगवतात, पण हिरडीच्या आत ते जन्मापासून चारपाच वर्षांपर्यंत घडत असतात. म्हणजे सातवीतल्या मुलाचे पुढचे दात आजच्या हातपंपाबद्दल काहीच सांगत नाहीत, सात ते बारा वर्षांपूर्वी तो जे पाणी पीत होता त्याबद्दल सांगतात. म्हणून एक वही करा. आठ ते चौदा वर्षांची मुलं, जन्मसाल, आणि पहिली पाच वर्षं मूल कुठे वाढलं. हा शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा. आजोळी वाढलेली, ऊसतोडीला किंवा विटभट्टीवर आईबापांबरोबर गेलेली मुलं वेगळी दाखवा. मग त्या वेळी घरचं पाणी कुठलं होतं, तेही लिहा. पट्टे आडवे आणि दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारखे असले, घासून जात नसले, तर फ्लोराइडची शक्यता जास्त. फक्त हिरडीच्या कडेला साचलेला पिवळेपणा म्हणजे किटण. मोठ्या मुलांत खर्ऱ्याचे (सुपारी-तंबाखूचे) डागही असतात आणि ते चटकन वेगळे ओळखू येतात. अंतिम मत दंतवैद्याचं. पण दंतवैद्य येईपर्यंत तुमच्याकडे वही तयार असेल तर त्यांचं एका दिवसात काम होईल.

एक विनंती. मुलांना वर्गासमोर रांगेत उभं करून तोंड उघडायला लावू नका, मुलींना तर नकोच. अशा गावांत पुढे सोयरिकीच्या वेळी दातांवरून नकार येतात आणि मुली हसताना तोंडावर पदर धरायला शिकतात.

दातांपेक्षा गंभीर हाडं. पाण्यात फ्लोराइड तीन-चार मिलिग्रॅमच्या वर असेल आणि वर्षानुवर्षं तेच पाणी पोटात जात असेल, तर सांधे आणि मणके आखडतात. गावातल्या प्रौढांना तीन गोष्टी करायला सांगा: गुडघे न वाकवता पायाचा अंगठा धरणं, हनुवटी छातीला टेकवणं, दोन्ही हात मानेमागे नेणं. वयाच्या मानाने फारच जणांना जमत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्राला लेखी कळवा. मुलांचे गुडघे एकमेकांवर आपटताना दिसले तर अजिबात थांबू नका. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९७३ सालीच फ्लोराइडच्या भागातल्या अशा वाकलेल्या पायांची नोंद केली होती, आणि आहारात कॅल्शियम कमी असेल तर हा त्रास वाढतो. म्हणून आहाराकडेही बघा. दूध परवडत नसेल तर पावसाळ्यात बांधावर फुकट उगवणारी तरोट्याची भाजी कॅल्शियमला चांगली आहे. मात्र भाजी हा पाण्याला पर्याय नाही.

आता आरओ. झिल्लीतून फ्लोराइड गाळलं जातं, यात शंका नाही. पण ते नाहीसं होत नाही. निम्म्याच्या आसपास किंवा जास्तच पाणी टाकाऊ म्हणून बाहेर पडतं आणि फ्लोराइड त्यात दाट होऊन जातं. ते नाली काढून हातपंपाशेजारीच सोडलेलं मी पाहिलंय. शिवाय झिल्ली बदलायला, वीज भरायला, बिघडलं तर माणूस आणायला दरवर्षी पैसे लागतात. उद्घाटनाचा फलक भिंतीवर राहतो आणि यंत्र तिसऱ्या वर्षी बंद पडतं. अल्युमिना हा फ्लोराइड धरून ठेवणारा पदार्थ भरलेली गाळणी स्वस्त आणि साधी आहे, पण तिच्यात एक खोड आहे. तिची क्षमता संपली तरी पाणी वाहत राहतं, तितकंच स्वच्छ दिसतं, चवही तीच. एका शाळेत मी अशी गाळणी बसवून आलो आणि पुन्हा तपासायला दीड वर्षाने गेलो. आत जाणारं आणि बाहेर येणारं पाणी सारखंच होतं. मुलं मोठ्या विश्वासाने त्याच नळाला तोंड लावत होती. त्यात चूक माझी होती, गाळणीची नव्हे.

तुरटी आणि चुन्याची नलगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी संस्थेने शोधली आणि ती घरगुती बादलीतही करता येते. तिथे एक बारकावा आहे आणि तो प्रयोगशाळाही विसरतात. तुरटीतलं अल्युमिनियम पाण्यात थोडं उरतं आणि फ्लोराइडला धरून ठेवतं. रंगावर आधारलेल्या चाचणीला असं धरलेलं फ्लोराइड नीट दिसत नाही आणि आकडा कमी येतो. म्हणजे उपाय आणि चाचणी दोन्ही मिळून तुम्हाला फसवतात. अशा पाण्यासाठी आयन इलेक्ट्रोडने, आणि तेही अल्युमिनियमची पकड सोडवणारं बफर (द्रावण) घालून मोजलेलाच आकडा धरायचा. प्रयोगशाळेला एवढंच विचारा: "फ्लोराइड कुठल्या पद्धतीने काढलं?" सांगायला टाळाटाळ झाली तर दुसरीकडे जा. अहवाल आल्यावर आणखी एक तपासा. कॅल्शियम लीटरला दीडशे मिलिग्रॅमच्या वर आणि फ्लोराइडही सात-आठ, असं एकाच रांगेत छापलं असेल तर कुठेतरी चुकलंय. मघाशी सांगितलं तसं, ते दोघं एका भांड्यात इतक्या प्रमाणात सहसा राहत नाहीत.

माझं स्वतःचं मत विचाराल तर यंत्र सगळ्यात शेवटी. वापरायला, धुण्याला, जनावरांना बोअरचं पाणी चालू द्या. फक्त पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी आठ-दहा लीटर वेगळं पाणी मिळालं की प्रश्न बराचसा सुटतो, आणि तेवढं पाणी बहुतेक गावांत कुठेतरी असतं. जंतू टीसीएलने मारता येतात, फ्लोराइडला टीसीएल काही करत नाही. त्यामुळे फ्लोराइड कमी आणि जंतू जास्त, अशी विहीर मला फ्लोराइडवाल्या निर्जंतुक बोअरपेक्षा केव्हाही बरी वाटते. अट एकच, तिचं नायट्रेट लीटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत हवं. ते जास्त असेल तर बाटलीवर वाढणाऱ्या तान्ह्या मुलांना धोका असतो.

नमुने भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत द्या आणि अर्जावर 'रासायनिक तपासणी, फ्लोराइडसह' असं स्पष्ट लिहा. वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि दिवाळीनंतर. एकाच वेळचा आकडा धरून बसू नका, पावसाने तो हलतो. गावातल्या प्रत्येक बोअरची वेगळी बाटली भरा, कारण दोनशे मीटरवरच्या दोन बोअरच्या फटी वेगळ्या असतात. हातपंप दहा मिनिटं हापसून मग भरा, त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळा, आणि बाटली प्लॅस्टिकची घ्या, काचेची नको. एक जुनी युक्ती सांगतो. एकाच हातपंपाच्या दोन बाटल्या भरून त्यांवर दोन वेगळी नावं घाला. आकडे जवळपास सारखे आले तर बाकीच्यांवर विश्वास ठेवा. आणि गावातली ती जुनी विहीर, जिच्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून कुणी जात नाही, तिचीही एक बाटली त्या पेटीत ठेवा.